मे अखेरची तेवीस पत्रं

माझ्या पहिल्या नोकरीत माझं काम मशीनला तारीख सांगण्याचं होतं. घरी हे सांगितलं तेव्हा आबांनी हातातला घास थाळीत परत ठेवला आणि विचारलं, "तारीख सांगाले पगार देता का वं तुले? मंग एक कॅलेंडर घेऊन दे ना त्यायले."

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. आबांना ते पटलं नाही, पण असोद्याहून जळगावला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळू लागली. कंडक्टर म्हणायचा, "सरका, तारखेवाल्या ताई आल्या." एकदा शेजारच्या आजींनी नातवाच्या लग्नासाठी मशीनला विचारून चांगला दिवस काढून आणायला सांगितलं. आमचं मशीन सांगत नाही, त्याला सांगावं लागतं, असं मी म्हटलं. आजी म्हणाल्या, मग ते घेतलंत कशाला.

प्रश्न चुकीचा नव्हता. आमची सरकारी संस्था जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत विहिरी, पंप आणि पाइप यांची कामं करायची. जळगावच्या कार्यालयात तळमजल्यावर काचेची एक खोली होती, तिच्यात कपाटाएवढं मशीन, आणि संपूर्ण इमारतीतला एकमेव एसी. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मे महिन्यात वरच्या मजल्यावरचे लोक कसलीतरी चौकशी करायला म्हणून चपला काढून आत यायचे आणि अर्धा अर्धा तास चौकशी करायचे.

मशीनवर बरीच कामं वेळापत्रकाने आपोआप चालायची. त्यांना आम्ही जॉब म्हणायचो. कोणता जॉब कोणत्या तारखेला किती वाजता सुरू व्हायचा हे एकदा ठरवून दिलेलं असायचं. पण कोणत्या महिन्याचं काम करायचं, हे जॉबला कळायचं नाही. घड्याळ मशीनमध्ये होतं, पण वीज गेली की ते आपल्या जन्मवर्षापासून पुन्हा सुरू व्हायचं, आणि वीज तर जायचीच. आली की आम्ही ते पुन्हा लावायचो, पण पत्रांच्या तारखांसाठी त्याच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. म्हणून ऑफिसच्या तारखा एका वेगळ्या फाइलमध्ये हाताने भरून ठेवायच्या. शाळेत बीजगणितात ज्याला आपण चल म्हणतो, तशा रिकाम्या जागा. आमच्याकडे त्यांना व्हेरिएबल म्हणत. महिन्याच्या चार तारखेला मी त्या जागा भरायची. पाच तारखेला सकाळी साडेसहाला जॉब उठायचा, फाइल उघडायचा, तिथे जे लिहिलं असेल ते खरं मानायचा आणि कामाला लागायचा. मी पोचेपर्यंत कागदांचा ढीग पडलेला असायचा.

त्यातला एक जॉब सेवानिवृत्तीच्या पत्रांचा होता. ज्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार, त्यांना साधारण पाच महिने आधी पत्र जायचं: आपण अमुक तारखेला नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहात. या जॉबला दोन ओळी लागायच्या. पहिल्या ओळीत कोणत्या महिन्यात निवृत्त होणारी माणसं निवडायची ती तारीख. दुसऱ्या ओळीत पत्रावर छापायची तारीख. दोन्ही ओळी नेहमी एकच असायच्या. मग दोन कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात साहेबांना विचारलं होतं.

"ज्याने प्रोग्रॅम लिहिला तो पुण्याला गेला," साहेब म्हणाले. आमच्या खोलीत बऱ्याच प्रश्नांचं हेच उत्तर होतं.

साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. बारीक अंगाचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पत्नी काही वर्षांपूर्वी वारली होती, मुलगा दूर नोकरीला. सकाळी सर्वांच्या आधी यायचे आणि संध्याकाळी सर्वांच्या नंतर जायचे. मी केलेलं प्रत्येक काम ते पुन्हा तपासायचे. मला राग यायचा नाही, कारण स्वतः केलेलं कामही ते पुन्हा तपासायचे.

आमच्या कार्यालयात एक गंमत होती, आणि ती त्या पिढीच्या सगळ्याच कार्यालयांत असेल. निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून होती. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला मुलाची तारीख ठाऊक नसायची. मास्तर मुलाच्या तोंडाकडे बघून वर्ष ठरवायचे आणि पुढे एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे ही सगळी मंडळी एकतीस मेला एकदम निवृत्त व्हायची. इतर महिन्यांत चार-पाच पत्रं निघायची, मे अखेरची मात्र वीस-बावीस. मे अखेरची पत्रं जानेवारीत निघत, म्हणून जानेवारीचा जॉब आमच्याकडे महत्त्वाचा.

त्या वर्षी चार जानेवारीला मी दोन्ही ओळींत एप्रिल अखेरच्या जागी मे अखेर केलं. वर्षाला हात लावायची गरज नव्हती. तारखा पाच महिने पुढच्या असल्यामुळे फाइलमध्ये नवं वर्ष सप्टेंबरपासूनच बसलेलं होतं. तरी मी डिसेंबरातच टर्मिनलवर एक चिठ्ठी चिकटवून ठेवली होती: "जानेवारी. वर्ष तपासणे." मी तपासलं, बरोबर होतं, आणि सव्वापाचची बस पकडली. चिठ्ठी काढायची राहिली.

मी गेल्यावर साहेबांनी ती वाचली. त्या आठवड्यात सगळं ऑफिस वर्ष बदलत होतं. शिक्क्यातला आकडा, रजिस्टरवरचा आकडा, भिंतीवरचं कॅलेंडर. साहेबांनी फाइल उघडली, नवं वर्ष लागलं म्हणजे आकडा एकने वाढायला हवा असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्यांनी पहिल्या ओळीतला आकडा वाढवला. तेवढ्यात धुळ्याचा फोन लागला. धुळ्याचा फोन लागणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. सकाळी नोंदवलेला ट्रंक कॉल होता तो. साहेब उठून गेले, बराच वेळ ओरडून बोलले, आणि परत आल्यावर फाइल बंद करून घरी गेले. दुसरी ओळ तशीच राहिली.

सकाळी जॉबने सांगितल्याप्रमाणे केलं. त्याने पुढच्या वर्षी मेमध्ये निवृत्त होणारी तेवीस माणसं शोधली आणि प्रत्येकाला तू याच वर्षी मेमध्ये घरी जाणार असं पत्र छापलं. मी पत्रं मोजली, फाडून वेगळी केली. आस्थापना शाखेने सह्या करून टपालात टाकली. आमच्यापैकी कोणीही एकही नाव वाचलं नाही.

तीन दिवसांनी चोपड्याहून एक अभियंता आला. मोटारसायकलवर, मागे त्याची म्हातारी आई, कडेला पिशवीत शाळेचा दाखला, सेवापुस्तकाची प्रत आणि जन्मपत्रिका. त्याने सगळं साहेबांच्या टेबलावर मांडलं. "माझं एक वर्ष कोणी खाल्लं ते मला सांगा," तो म्हणाला. "आणि कागदावर विश्वास नसेल तर हिला विचारा मी कधी झालो."

साहेबांनी म्हातारीला खुर्ची दिली. तिने चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "हा मोठीच्या पाठीवरचा. मोठी आता बासष्टची झाली. म्हणजे हा साठचा तरी असंल."

"आई, पाणी पी," अभियंता म्हणाला आणि दाखला पिशवीत घालू लागला.

त्या दिवसापासून रांग लागली. एकाला खात्री होती की त्याच्याविरुद्ध कट आहे आणि कट करणाऱ्याचं नावही त्याला माहीत होतं. एकाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती. एकजण नुसताच येऊन खुर्चीवर बसला आणि एसीची हवा लागल्यावर शांत झाला. मी फाइल उघडून बघितली तेव्हा दोन ओळींत दोन वेगळी वर्षं होती. मी साहेबांना बोलावलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे.

"हे मी केलं," ते म्हणाले. "धुळ्याचा फोन आला होता."

मग त्यांनी वर जाऊन मोठ्या साहेबांनाही तसंच सांगितलं. चिठ्ठी माझी होती, हे मी खाली जीव मुठीत धरून सांगायला तयार बसले होते, पण मला कोणी विचारलंच नाही.

चुकीची पत्रं परत मागवणारं परिपत्रक निघालं. तारखा नीट करून जॉब पुन्हा चालवायचा ठरला, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ज्यांना खरोखर या मेमध्ये जायचं होतं त्यांना कोणालाच पत्र गेलं नव्हतं, आणि त्यांच्यापैकी एकानेही तक्रार केली नव्हती. सेवानिवृत्तीचं पत्र आलं नाही म्हणून कोण ओरडतं?

मी ओळी भरल्या, साहेबांनी मोठ्याने वाचल्या, मी पुन्हा वाचल्या. प्रिंटर सुरू झाला. यादी आडनावाच्या क्रमाने होती, त्यामुळे तिसऱ्याच पत्रावर साहेबांचं नाव आलं. एक जून. मला त्यांची जन्मतारीख माहीत नव्हती. मी ते पत्र बाकीच्या कागदांखाली सरकवायला लागले, पण ते शेजारीच उभे होते.

"आणा," ते म्हणाले. त्यांनी पत्र वाचलं. "तारीख बरोबर आहे."

नंतर ऑफिसात कुजबुज झाली की स्वतःचं पत्र निघू नये म्हणून साहेबांनी मुद्दाम वर्ष वाढवलं. मला ते तेव्हाही खरं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मुद्दाम करणाऱ्या माणसाने दुसरी ओळ अर्धवट सोडली नसती.

वीस जानेवारीपर्यंत चुकीची बावीस पत्रं परत आली. तेविसावं येईना. ते धुळ्याच्या भांडारपालांचं होतं. धुळ्याला आमचं पाइपांचं मोठं भांडार होतं, आणि ते सांभाळणाऱ्यांना सगळे नाना म्हणत. दोन स्मरणपत्रं गेली, उत्तर नाही. फोन लागला तेव्हा नाना म्हणाले, ऐकू येत नाही, आणि फोन ठेवला.

"तुम्ही जाऊन या," साहेब मला म्हणाले. "पत्र घ्या आणि या. भांडायचं नाही."

एरंडोल, पारोळा करत बस अकराला धुळ्याला पोचली. भांडार म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आणि बाहेर आवारात पाइपांचे ढीग, एकाच मापाचे एका रांगेत, वर खडूने आकडे. असं नेटकं भांडार मी दुसरं पाहिलं नाही. नाना दारातच भेटले. ठेंगणे, पांढऱ्या मिशा, डोक्याला टोपी. मी कोण आहे हे सांगितलं, आणि फोनवर केलेलं ऐकू न येण्याचं सोंग समोरासमोर चालेना.

"पत्र घरी आहे," ते म्हणाले. "जेवायची वेळ झालीच आहे. चला."

घर भांडाराच्या मागेच होतं. आत एकही भांडं नव्हतं म्हटलं तरी चालेल. दोन ताटं, एक तवा, एक पातेलं, आणि भिंतीशी बांधून ठेवलेली गाठोडी. नानांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, मला पाटावर बसवलं, भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, आणि मी पत्राचं नाव काढल्याबरोबर हात पुसून समोर बसल्या.

"कागद मी देवाव नही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "अक्का, ते चुकून आलं. नानांना अजून एक वर्ष आहे. चांगलंच आहे ना."

"कसानं चांगलं? गावमा बठ्ठासले सांगी टाकं. रेवडी वाटी. आते काय तोंड दखाडू?"

त्यांचं गाव शिंदखेड्याजवळ होतं, आणि तिथे सगळ्यांना सांगून झालं होतं. पत्र आल्यापासून दोन आठवड्यांत त्यांनी गावच्या घराला रंग दिला होता, पत्रे बदलले होते आणि बहुतेक संसार टेम्पोने पोचवलाही होता. मी नानांकडे बघितलं. नाना भाकरीकडे बघत होते.

"नाना, तुम्हाला तुमची तारीख माहीत होती ना?"

"होती."

"मग बोलला का नाहीत?"

नाना पाणी प्यायले. "ताई, मास्तरने माझं वय वर्षाने कमी लावलं. मन्ही माय सांगे. मोठ्या भावाच्या लग्नात मी नुकता चालायला लागलो होतो, आणि मास्तरच्या हिशेबाने मी तेव्हा जन्मलोच नव्हतो. तुमच्या मशीनने पहिल्यांदा खरी तारीख काढली. खऱ्या तारखेविरुद्ध मी तक्रार कशी करू?"

मी म्हटलं, जायचंच असेल तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करता येतो. तीन महिने आधी द्यायचा. आज दिला तर मे अखेर आरामात जाल.

दोघं एकमेकांकडे बघू लागले. मग नाना हळूच म्हणाले, "भांडारवाला स्वतःहून वर्षभर आधी गेला तर लोक काय म्हणतील, माहीत आहे? काहीतरी पाइप गावी गेले म्हणतील. सरकारने जा म्हटलं तर कोणी काही म्हणत नाही."

एवढीच गोष्ट होती. छत्तीस वर्षं भांडार सांभाळून त्यांना फक्त घरी जायचं होतं, पण संशय न येता. अक्का म्हणाल्या की त्यांचे गुडघे सकाळी जमिनीवरून उठत नाहीत, हे भांडारात कोणाला कळू नये म्हणून ते सर्वांच्या आधी जातात आणि पाइपांना धरून धरून चालतात. नानांनी त्यांना गप्प केलं.

मी पत्र न घेता परत आले. साहेब रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, दोन्ही पेनं खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि परत खिशात घातली.

"अर्ज घ्या त्यांच्याकडून," ते म्हणाले. "आणि अर्जातच लिहा, निवृत्तीआधी माझं संपूर्ण भांडार तपासावं. जो स्वतःच तपासा म्हणतो त्याच्याबद्दल कोण काय बोलणार?"

पुढच्या आठवड्यात मी परत धुळ्याला गेले. अर्ज मी लिहिला. नाना अहिराणीत सांगत होते आणि मी ऑफिसच्या मराठीत उतरवत होते. "गुडघा दुखतस" याचं मी "प्रकृतीच्या कारणास्तव" केलं तेव्हा त्यांनी विचारलं, एवढी मोठी बिमारी कशाला लिहिली. सही केल्यावर अक्का म्हणाल्या, तपासणीचा कागद हातात पडेपर्यंत जुना कागद त्यांच्याकडेच राहील. मी साहेबांना फोन लावला. तासाभराने लागला. साहेब म्हणाले, राहू द्या, रजिस्टरमध्ये तेविसावं पत्र टपालात विलंबित असं लिहितो.

मार्चमध्ये तपासणी झाली. तीन माणसं चार दिवस पाइप, कोपर, व्हॉल्व्ह, नटबोल्ट मोजत होती. काहीच कमी निघालं नाही. दोन बादल्या आणि एक टिकाव जास्त निघाला. त्यावरून तपासणी एक दिवस लांबली, कारण कमी निघालं तर काय करायचं याचा नियम होता, जास्त निघालं तर काय करायचं याचा नव्हता. शेवटी नाना म्हणाले, टिकाव त्यांचा स्वतःचा आहे, गवत काढायला आणला होता, आणि बादल्या अक्कांच्या. अहवालात ते सगळं सविस्तर आलं. अहवाल घेऊन मी गेले तेव्हा अक्कांनी तो ठेवून घेतला आणि जुनं पत्र माझ्या हातात दिलं. त्याच्या एका कोपऱ्याला हळद-कुंकू लागलेलं होतं. साहेबांनी ते तसंच फाइलला लावलं.

साहेबांचा निरोपसमारंभ जळगावला तीस मेला उरकला, कारण एकतीसला एकाच दिवशी इतके समारंभ होते की हार मिळत नव्हते. साहेब भाषणात चार वाक्यं बोलले. त्यातलं एक प्रिंटरच्या रिबनबद्दल होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी ऑफिसला आले, तारखांची फाइल मला एकदा मोठ्याने वाचायला लावली आणि म्हणाले, "चला, धुळ्याला जाऊन येऊ. अजून संध्याकाळपर्यंत मी नोकरीत आहे."

नानांचा समारंभ भांडाराच्या शेडमध्ये होता. वरून पत्रा तापलेला, खाली पाइपांवर बसलेली माणसं. गावाहून ट्रॅक्टर भरून लोक आले होते. नानांना हार घातल्यावर अक्कांनी मला उभं केलं आणि तपासणीचा अहवाल वाचायला सांगितला. मला वाटलं थोडक्यात सांगावं, पण त्यांनी पूर्ण वाचायला लावला. पाऊण इंची पाइप इतके, एक इंची इतके, कोपर इतके, तफावत निरंक. गावची मंडळी मन लावून ऐकत होती. दोन बादल्या आणि टिकाव आला तेव्हा मागून एकजण म्हणाला, "तो टिकाव मना शे. तीन वरीस झायात." सगळे हसले. नानाही हसले, आणि टिकाव तिथेच त्याला परत दिला.

जेवायला डाळ-बट्टी होती. अक्कांनी साहेबांना शेजारी बसवून तूप वाढलं आणि विचारलं की आता उद्यापासून ते काय करणार.

साहेबांनी बट्टी कुस्करली. "काही ठरवलं नाही," ते म्हणाले.

"घरमा कोन शे?"

"कोणी नाही."

अक्कांनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "साहेब, ट्रॅक्टरमध्ये जागा आहे. चार दिवस चला आमच्याकडे. भुईमुगाच्या शेंगा आहेत, विहीर आहे. कंटाळा आला तर मी बस दाखवतो."

साहेब म्हणाले, कपडे आणलेले नाहीत. नाना म्हणाले, त्यांचं धोतर आहे. मला वाटलं साहेब नाही म्हणतील, कारण अशा गोष्टीला ते नेहमी नाही म्हणायचे. त्यांनी घड्याळात बघितलं. पाच वाजून गेले होते. मग त्यांनी खिशातली दोन्ही पेनं काढून माझ्याकडे दिली, ट्रॅक्टरवर चढताना पडतील म्हणून, आणि मला स्टँडवर सोडायला कोणीतरी पाठवा असं नानांना सांगितलं.

साडेपाचच्या बसला गर्दी होती. पारोळ्यापर्यंत मी उभीच होते.